हितगुज : बैल जाण्याआधी झोपा करा



पूर्वी यात्रेला किंवा लांबच्या बाजाराला निघालेला माणूस सगळे पैसे एका खिशात ठेवीत नसे. चार सुटी नाणी सदऱ्याच्या खिशात, वाटखर्चीच्या नोटा कोपरीच्या आतल्या खिशात, थोडे कारभारणीच्या कनवटीला, आणि बैल विकून आलेली मोठी रक्कम असेल तर ती कमरेच्या कशात घट्ट बांधलेली. बाकीचे घरी, पेटीत. एखादा खिसा कापला गेला तरी परतीच्या भाड्यापुरते पैसे कुठेतरी उरत. ही रीत कुणी शाळेत शिकवली नव्हती. ठेच लागून माणसे शिकली होती.

आता कांद्याची पट्टी, उसाचे बिल, दुधाचा पगार, पीएम-किसानचा हप्ता, सारे बँकेच्या खात्यावर जमा होते. २०१६ साली युपीआय आले आणि ते खाते हातातल्या फोनवर उघडू लागले. चहाचे दहा रुपये फोनवरून, खताच्या दुकानाचे दहा हजारही फोनवरून. सोय मोठी आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण या सोयीच्या नादात आपण जुनी रीत मात्र विसरलो. यात्रेला निघताना आज आपण घरची पेटीच खिशात घालून निघतो, आणि पुष्कळदा तिला कुलूपही नसते.

‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण आपल्या घराघरांत आहे. गोठ्याला काटक्यांचे दार म्हणजे झोपा. बैल चोरीला गेल्यावर ते बसवून काय उपयोग? फोनवरच्या पैशाचेही तसेच आहे. घरी असताना काही अडले तर शेजारी पोरगा आहे, शाखा आहे, सोसायटीचे सचिव आहेत. प्रवासात यांपैकी कुणी जवळ नसते. तिथे असते गर्दी आणि घाई, आणि चोराला एवढे दोन सोबती पुरतात. म्हणून प्रवासातल्या पैशाची राखण प्रवासात करायची नसते. ती निघण्याच्या आदल्या संध्याकाळी घरी बसून करायची असते. आजचे हितगुज त्या एका संध्याकाळच्या कामाविषयी आहे.

पेटी घरी, बटवा बरोबर

पहिले आणि सर्वांत मोलाचे काम हे. ज्या खात्यात पिकाचा पैसा येतो, ते खाते प्रवासातल्या फोनवर ठेवू नका. दुसरे एक लहान बचत खाते असू द्या. वारी असो, चारधाम असो, मुंबईच्या दवाखान्याची खेप असो की सहा महिन्यांची ऊसतोड असो, अंदाजाने लागतील तेवढे पैसे त्या लहान खात्यात वळवा आणि युपीआयच्या ॲपमध्ये तेवढे एकच खाते जोडलेले ठेवा. मोठे खाते ॲपमधून काढून टाकता येते. खाते काढले म्हणजे बँकेतले पैसे कुठे जात नाहीत, फक्त फोनवरचे दार बंद होते. परत आल्यावर पुन्हा जोडता येते.

असे का सांगतो ते पाहा. युपीआयवरून साधारणपणे दिवसाला एक लाख रुपयांपर्यंत पैसे जाऊ शकतात. फोन उघडा सापडला आणि पिन कुणी पाहिलेला असला, तर खात्यात जेवढे आहे तेवढे या मर्यादेपर्यंत जाते. खात्यात पाच हजारच असतील तर पाच हजारच जातील. मग यात्रा बिघडेल, पण पेरणी बिघडणार नाही.

किसान क्रेडिट कार्डाचे रुपे कार्ड तर प्रवासात मुळीच नेऊ नये. साध्या खात्यातून चोराने पैसे काढले तर आपली शिल्लक जाते. या कार्डावरून काढले तर आपल्या नावावर कर्ज चढते, आणि ते सातबाऱ्यावरच्या बोज्याशी जोडलेले असते. ते कार्ड घरच्या पेटीतच बरे.

बरोबर न्यायचे जे एटीएम कार्ड असेल, त्याला लगाम घाला. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० मधल्या आदेशानुसार ऑक्टोबर २०२० पासून कार्डाचे निरनिराळे वापर चालू-बंद करण्याची आणि मर्यादा ठरवण्याची सोय बँकांनी द्यावयाची आहे. परदेशातला वापर बंद ठेवा. ऑनलाइन खरेदी करायची नसेल तर तीही बंद ठेवा. एटीएममधून दिवसाला काढायची रक्कम कमी करून ठेवा. कार्ड नुसते टेकवून पैसे देण्याची सोय असेल तर तीही बंद केलेली बरी, कारण पाच हजारांपर्यंत तिला पिन लागत नाही. हे बँकेच्या ॲपवर होते. जमत नसेल तर शाखेत जाऊन करून घ्या.

आणि थोडी रोकड घ्याच. घाटात, यात्रेच्या गर्दीत रेंज जाते, बॅटरी संपते. दोन दिवसांचे जेवण आणि परतीचे भाडे एवढी रोकड दोन माणसांत वाटून ठेवली म्हणजे घाईने कुणाच्या पाया पडावे लागत नाही.

सिमकार्डाला कुलूप

फोन चोरीला गेला की आपल्याला फोनच्या किमतीची हळहळ वाटते. चोराला मात्र कधी कधी फोनपेक्षा आतले सिमकार्ड मोलाचे असते. ते काढून त्याने दुसऱ्या फोनमध्ये घातले की आपल्या नंबरवर येणारे सारे ओटीपी त्याच्याकडे जातात. आपल्या फोनला लावलेले कुलूप तिथे काही कामाचे नाही.

आता पुढचे ऐका. युपीआयचा नवा पिन बसवायला काय लागते? खात्याशी जोडलेला मोबाइल नंबर, एटीएम कार्डावरचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी. काही बँका एटीएमचा पिनही विचारतात. म्हणजे फोन आणि कार्ड एकाच पिशवीत असले आणि पिशवीच गेली, तर चोराच्या हाती कुलूप आणि किल्ली दोन्ही पडले. पुष्कळ जण फोनच्या पाकिटातच कार्ड खोचतात. त्यातून कुणी कार्डाच्या मागे पिनही लिहून ठेवलेला असतो. ही सवय आजच मोडा. फोन एकाकडे, कार्ड दुसऱ्याकडे. एकटेच असाल तर फोन खिशात आणि कार्ड आतल्या कोपरीत.

याच्या जोडीला सिमकार्डाला स्वतःचा पिन लावता येतो. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षिततेच्या भागात ‘सिम लॉक’ असे लिहिलेले असते. तो लावला म्हणजे सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर आधी चार आकडे मागते. ते आल्याशिवाय सिम चालत नाही आणि ओटीपीही येत नाहीत. मात्र एक ध्यानात ठेवा. सुरुवातीला कंपनीने दिलेला पिन टाकावा लागतो, तो अंदाजाने टाकू नका. तीन वेळा चुकला की सिम अडकते आणि मग कंपनीकडून पीयूके क्रमांक घ्यावा लागतो. सिमच्या दुकानात विचारून एकदा लावून घ्या. यानंतर फोन बंद करून चालू केला की तो पिन टाकावा लागेल, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवा.

फोनच्या पडद्यालाही कुलूप असावेच. शिवाय फोन बंद असतानाही आलेला संदेश पडद्यावर वाचता येतो, ती सोय काढून टाका, नाहीतर कुलूप न उघडताच ओटीपी दिसतो. युपीआयचा पिन वेगळा, फोनचा वेगळा, एटीएमचा वेगळा. घरातल्या कुणाचे जन्मसाल, गाडीचा नंबर, १२३४ असले आकडे नकोत.

वाटेवरची सहा ठिकाणे

घरची तयारी झाली. आता वाटेत कुठे कुठे पाय घसरतो ते पाहू.

एसटी स्टँडवरचे एटीएम. कार्ड घातले, पैसे येईनात, मागे रांग. अशा वेळी एखादा नीटनेटका माणूस पुढे होतो, “काका, द्या इकडे, मी काढून देतो” म्हणतो, पिन पाहतो आणि हातचलाखीने त्याच बँकेचे दुसरेच कार्ड परत देतो. आपण घरी जाईपर्यंत खाते रिकामे होते. मदतीची गरज पडली तर बँकेच्या शाखेतच मागा. पिन टाकताना दुसऱ्या हाताचा आडोसा धरा आणि कार्ड खिशात घालण्याआधी त्यावरचे आपले नाव वाचा. वाचता येत नसेल तर कार्डाला आपली एक खूण करून ठेवा, दोऱ्याची किंवा रंगाच्या ठिपक्याची.

खात्यातून रक्कम वजा झाली पण यंत्रातून नोटा आल्या नाहीत, असे झाले तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेने २०१९ साली नियम केला आहे. ती रक्कम पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवी. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची. यंत्राची चिठ्ठी किंवा बँकेचा संदेश जपून ठेवा.

धाब्यावरचा आणि देवळाबाहेरचा क्यूआर कोड. दुकानदाराच्या कागदावर रात्रीतून दुसराच कागद चिकटवण्याचे प्रकार झाले आहेत. कोड टिपला की पिन टाकण्याआधी पडद्यावर नाव येते. ते मोठ्याने वाचा आणि विचारा, “पैसे कुणाच्या नावावर जातात?” दुकानदाराला त्याचा राग येत नाही, उलट त्याचेही पैसे वाचतात. आणि ही गोष्ट पाठच करून ठेवा : पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. “तुमचे पैसे परत देतो, हा कोड टिपा आणि पिन टाका” असे कुणी म्हणाला तर तो देणारा नव्हे, नेणारा आहे.

फुकटचे वाय-फाय. रेल्वेच्या स्टेशनांवर रेलटेलची वाय-फाय सेवा आहे, तिच्यासाठी मोबाइल नंबर आणि ओटीपी द्यावा लागतो. बातम्या पाहायला, पोराचा फोटो पाठवायला ती चांगली. पण तिच्यासारखेच नाव देऊन कुणीही आपले वाय-फाय चालू करू शकतो. बँकेची खरी ॲप बोलणे कुलूपबंद करूनच पाठवतात, तेव्हा मधल्या माणसाला ते सहजी वाचता येत नाही. खरा धोका असा की खोटे वाय-फाय आपल्याला खोट्या पानावर नेऊन सोडते, आणि आपणच तिथे खाते क्रमांक, पासवर्ड भरतो. तेव्हा पैशाचे काम करताना वाय-फाय बंद करा आणि आपल्या सिमचे इंटरनेट वापरा. बँकेचे संकेतस्थळ उघडायचेच झाले तर पत्ता नीट पाहा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत बँकांनी आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटाचे करावयाचे होते. नुसत्या नावात बँक असून भागत नाही, शेपूट पाहावे. लॉजमधल्या किंवा सायबर कॅफेतल्या संगणकावर बँकेचे काम करूच नये.

चार्जिंगचा खांब. स्टँडवर, स्टेशनवर फोन चार्ज करायला नुसती वायर घालायची भोके असतात. त्या वायरीतून वीज येते तशी माहितीही जाऊ-येऊ शकते. असे प्रकार फोन चोरीइतके सर्रास घडत नाहीत, पण रिझर्व्ह बँकेने आपल्या २०२२ च्या पुस्तिकेत त्याविषयी सावध केले आहे. आपला चार्जर बरोबर ठेवा आणि तो भिंतीतल्या विजेच्या प्लगात लावा. दुसऱ्याच्या वायरीला फोन लावावा लागलाच आणि फोनने काही परवानगी मागितली तर ‘नाही’ म्हणा.

भक्त निवास आणि गाडीचे बुकिंग. तीर्थाच्या ठिकाणी खोली हवी म्हणून आपण फोनवर शोधतो आणि पहिला दिसेल त्या नंबरला फोन लावतो. तो खोटा निघतो. आगाऊ पैसे घेतो, खोटी पावती पाठवतो, आणि आपण पोरेबाळे घेऊन दारात उभे राहिल्यावर खोलीच नसते. केंद्र सरकारच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये केदारनाथच्या हेलिकॉप्टरपासून यात्रेकरूंच्या निवासापर्यंत अशा खोट्या बुकिंगविषयी इशारा दिला होता. देवस्थानाचा नंबर देवस्थानाच्या जुन्या पावतीवरून किंवा गावातून जाऊन आलेल्या माणसाकडून घ्या.

अडकलेले पैसे. हे ठिकाण सर्वांत फसवे. टोलनाक्यावर किंवा पेट्रोल पंपावर पैसे दिले, इकडून गेले, तिकडे पोचले नाहीत. मागे गाड्यांचे हॉर्न. आपण चिडून ‘कस्टमर केअर’चा नंबर फोनवर शोधतो. चोरांनी असे खोटे नंबर पेरूनच ठेवलेले असतात. तो गोड बोलतो, एक ॲप उतरवायला सांगतो, आणि त्या ॲपमधून आपला पडदा त्याला तिकडे दिसू लागतो. पुढे आपण टाकलेला प्रत्येक आकडा तो वाचतो. मंडळी, अडकलेले पैसे कुणी फोन करून सोडवावे लागत नाहीत. वर सांगितलेल्या २०१९ च्या नियमातच आहे : माणसाला पाठवलेले पैसे पोचले नाहीत तर एका दिवसात, आणि दुकानदाराला दिलेले पोचले नाहीत तर पाच दिवसांत परत यायला हवेत. तक्रार करायची ती ॲपमधल्या त्या व्यवहारावर बोट ठेवून करा, नाहीतर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर करा.

गाडी घेऊन निघालेल्यांनी आणखी एक सांभाळावे. “तुमच्या गाडीचे चलन झाले आहे, ही फाइल उघडा” असा संदेश व्हॉट्सॲपवर येतो. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. ती उघडली की फोनमध्ये चोर शिरतो आणि आपले संदेश वाचू लागतो. पीएम-किसानच्या नावानेही अशाच फाइली फिरतात. सरकार दंडाचा कागद असा ॲपच्या फाइलीत पाठवीत नाही. न उघडता पुसून टाका.

घरी राहिलेल्यांचे काय?

प्रवासाला गेलेल्याची काळजी सगळे करतात, घरी राहिलेल्यांची कुणी करत नाही. खरे तर पुष्कळ चोर घरच्यांनाच गाठतात. गावात कळलेले असते की मालक वारीला गेले आहेत. मग म्हातारीला फोन येतो : “तुमच्या मुलाला अपघात झालाय, दवाखान्यात भरती केलंय, लगेच वीस हजार पाठवा.” मागे कुणी रडल्याचा आवाज. आईचे काळीज ते, ती शेजारच्या पोराला बोलावून पैसे पाठवते.

याला उपाय सोपा आहे. निघण्याआधी घरात एक परवलीचा शब्द ठरवा. गाईचे नाव, शेताच्या तुकड्याचे नाव, काहीही चालेल, पण ते बाहेरच्याला ठाऊक नको. पैशाचा निरोप आला की आधी शब्द विचारायचा. शब्द सांगता आला नाही तर फोन ठेवायचा आणि आपणहून त्याच्या नेहमीच्या नंबरला, नाहीतर बरोबरच्या माणसाच्या नंबरला फोन लावायचा. व्हॉट्सॲपवर आलेल्या मागणीलाही हाच नियम. म्हाताऱ्या माणसांना हे दोनदा समजावून सांगा आणि एकदा लटका फोन करून पाहा.

फोन गेलाच तर

एवढे करूनही गर्दीत फोन जाऊ शकतो. पंढरीच्या वाळवंटात कुणाच्या खिशाला काय कुलूप घालणार? अशा वेळी शोधत बसण्यात वेळ घालवू नका. आधी दार लावा, फोन मग शोधा.

पहिले काम सिम बंद करणे. बरोबरच्या कुणाच्याही फोनवरून सिम कंपनीला सांगा. सिम बंद झाले की ओटीपी बंद झाले. दुसरे काम बँकेला सांगून कार्ड, युपीआय आणि नेट बँकिंग थांबवणे. नव्या फोनवर युपीआय चालू झाले की पुष्कळ बँका पहिला दिवसभर थोडीच रक्कम जाऊ देतात. म्हणजे वेळ आपल्या हातात असतो, पण तो थोडा असतो. रात्रभर “उद्या पाहू” म्हटले की तोही गेला.

तिसरे, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या नंबरावर फोन करा. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा देशभराचा नंबर आहे. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ येथेही तक्रार नोंदवता येते. इथे घाई का करायची ते समजून घ्या. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे फिरवतो आणि शेवटी काढून घेतो. तक्रार आली की पैसे ज्या बँकेत पोचले असतील तिथे ते रोखण्याचा प्रयत्न होतो. पाटाचे पाणी फुटले तर वरच्या अंगाला लवकर बांध घालावा लागतो, तसेच हे आहे. पाणी ओढ्याला मिळाल्यावर बांध घालून काय करणार?

चौथे, पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत घ्या. त्या प्रतीवर ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावरून चोरीचा फोन देशभर बंद पाडता येतो. त्यासाठी फोनचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की तो दिसतो. फोन हातात आहे तोवरच, म्हणजे आजच, तो कागदावर उतरवून ठेवा.

नवे सिम घेतल्यावर एक दिवस त्यावर संदेश येत नाहीत. सिम बदलून फसवणूक होऊ नये म्हणून २०२२ पासून २४ तासांची ही बंदी घातली गेली. त्यामुळे ओटीपीही येत नाही. सुरुवातीला रोकड ठेवा म्हटले ते याचसाठी. आणि उलटेही ध्यानात घ्या. फोन हातात असून त्याची रेंज अचानक गेली, बरोबरच्या त्याच कंपनीच्या फोनला मात्र रेंज आहे, असे दोन-तीन तास चालले, तर कुणी आपल्या नावाने दुसरे सिम काढले आहे का, हे कंपनीला लगेच विचारा.

पैसे परत मिळतात का, हा शेवटचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली याचे नियम घालून दिले, सहकारी बँकांसाठीही त्याच साली. त्यांचा गाभा असा : दोष आपलाही नाही, बँकेचाही नाही, तिसऱ्याच कुणी केलेल्या लबाडीने पैसे गेले, आणि बँकेचा संदेश आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत आपण बँकेला कळवले, तर तोटा आपल्यावर नाही. चार ते सात दिवस लावले तर तोट्याचा काही भाग आपल्यावर. पण पिन किंवा ओटीपी आपणच कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा आपला, कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणजे चूक झाली असली तरी लाजून गप्प बसण्यात नुकसानच आहे. ज्या क्षणी कळवाल त्या क्षणी गळती थांबते. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. या नियमांत वेळोवेळी सुधारणा होत असतात, तेव्हा शाखेत आजचा नियम विचारून घ्या. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती १४४४८ या नंबरावर मिळते.

घरोघरी हे सांगताना एक विनंती. कुणाचे पैसे गेले तर त्याला “एवढं कसं कळलं नाही?” असे बोलू नका. शिकलेली, नोकरीतली माणसेही फसतात. बोलणी बसतील या धाकानेच सुना-मुले दोन दोन दिवस गप्प राहतात, आणि ते दोन दिवस चोराच्या पदरात पडतात.

कात्रण करून ठेवा

एका कागदावर पुढील गोष्टी लिहा. त्याच्या दोन प्रती करा. एक घरी देवघरात, एक प्रवासात बरोबरच्या माणसाकडे. आपल्याच फोनमध्ये लिहून ठेवाल तर फोनबरोबर तीही जाईल.

१. बँकेचा कार्ड बंद करण्याचा नंबर, कार्डाच्या मागून उतरवलेला.
२. सिम कंपनीचा नंबर, आणि सिम कुणाच्या नावावर आहे ते.
३. फोनचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक.
४. सायबर तक्रारीचा नंबर १९३०.
५. घरच्या आणि बरोबरच्या दोन माणसांचे नंबर. आता कुणालाच नंबर पाठ नसतात.

या कागदावर पिन, पासवर्ड आणि परवलीचा शब्द लिहायचा नाही. ते डोक्यातच ठेवायचे.

एवढे सारे करायला एक संध्याकाळ पुरते. दळण, शिधा, पांघरुणे बांधता बांधता हेही काम उरकून टाका. मग निर्धास्तपणे निघा.